बाटलीवरचा बहाद्दर

मुलांनो, दुकानाला पाटी कशाला लागते? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! पाटी नसेल तर लोकांना दुकान सापडणार कसं?

कबूल. पण समजा, गावातल्या बहुतेकांना वाचताच येत नसेल, तर? आपल्या देशात १९५१ साली जनगणना झाली, तेव्हा शंभरांपैकी जेमतेम १८ माणसांना लिहिता-वाचता येत होतं. त्याआधी पन्नास वर्षांपूर्वी तर शंभरांत पाच-सहाच. मग 'येथे सर्व प्रकारची औषधे मिळतील' असं कितीही सुरेख अक्षरांत लिहा, वाचणार कोण?

तरीही औषधं खपत होती, आणि खूप खपत होती. ती कशी, याचीच ही गोष्ट. त्या काळच्या औषधवाल्यांच्या युक्त्या एकेक करून पाहू या. काही युक्त्या वाचून तुम्ही 'वा!' म्हणाल, तर काही वाचून रागच येईल.

भिंतीवरचा शिपाई

चंद्रपूर जिल्ह्याचा नकाशा उघडा. खाली, तेलंगणाच्या सीमेला लागून एक डोंगराळ तालुका दिसेल. तो जिवती. माणिकगडच्या डोंगरातला हा मुलूख. इथं गोंड आहेत, कोलाम आहेत, बंजारा आहेत, मराठवाड्यातून येऊन राहिलेली कुटुंबं आहेत. म्हणजे एकाच बाजारात गोंडी, कोलामी, गोरमाटी, मराठी, तेलुगू अशा पाच भाषा ऐकू येतात!

जिवती पूर्वी राजुरा तालुक्यात होतं. आणि हा राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद राज्याचा भाग होता, बरं का! १९५६ साली राज्यांची नवी मांडणी झाली, तेव्हा तो आधी नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात. १९५६ पर्यंत इथल्या लोकांची राजधानी नागपूर नव्हती की मुंबई नव्हती. ती होती हैदराबाद.

त्या हैदराबादेत १९२० साली हकीम मोहम्मद मोईजुद्दीन फारुकी यांनी एक औषध तयार केलं. निलगिरीचं तेल, कापूर, पुदिन्याचा अर्क, ओव्याचा अर्क असं त्यात काय काय होतं. नाव ठेवलं 'जिंदा तिलिस्मात'. म्हणजे 'जिवंत जादू'. नावातच अर्धी जाहिरात झाली की नाही?

उरलेली अर्धी केली चित्रानं. निजामाच्या फौजेत आफ्रिकी वंशाच्या सैनिकांचं एक घोडदळ होतं. या लोकांना तेव्हा हबशी किंवा सिद्दी म्हणत. जंजिऱ्याचे सिद्दी तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहेतच. हैदराबादेतल्या एका वस्तीला त्या पथकावरून आजही 'ए. सी. गार्ड्‌स' म्हणतात. ताकदीसाठी आणि धिप्पाडपणासाठी हे सैनिक प्रसिद्ध होते. हकीमसाहेबांनी असाच एक बहाद्दर औषधाच्या बाटलीवर आणला, आणि बाटलीवरून तो भिंतींवर गेला.

आता गंमत पाहा. हैदराबाद राज्यात कुणी तेलुगू बोले, कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी उर्दू. एका भाषेत पाटी लिहिली तर बाकीचे कोरडेच राहणार. पण चित्राला भाषा लागत नाही. दुकानात जायचं आणि बोट दाखवायचं, 'तो शिपाई द्या!' काम झालं.

छाप! छाप! छाप!

या युक्तीला नाव आहे 'छाप'. घोडा छाप, माकड छाप, वाघ छाप. आजोबांना विचारा, दहा छापा तरी ते एका दमात सांगतील. छाप म्हणजे न वाचता ओळखता येणारी सही.

एका छापेची गोष्ट फार मजेशीर आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम गावच्या विल्यम वुडवर्ड या औषधवाल्यानं १८५१ साली बाळांच्या पोटदुखीवर ग्राइप वॉटर काढलं. त्याच्या बाटलीवर एक गुटगुटीत बाळ दोन्ही हातांनी साप आवळतंय, असं चित्र होतं. हे बाळ म्हणजे ग्रीक कथांतला महापराक्रमी हर्क्युलिस. त्याच्या पाळण्यात दोन साप सोडले होते, ते त्यानं हातानंच मारले, अशी ती कथा. आपल्याकडच्या आईला हर्क्युलिस कुठला माहीत असणार? पण साप आणि बाळ म्हटल्यावर तिला आठवणार तो कालियाला नमवणारा बाळकृष्णच! परदेशी बाटली अशी आपोआप घरची होऊन गेली.

मुंबईत गिरगावच्या के. टी. डोंगरे आणि कंपनीचं 'बालामृत' होतं. त्याच्या जाहिराती मराठी घराघरांत पोचल्या होत्या. इतक्या, की एखादं गुबगुबीत बाळ दिसलं की जुन्या बायका हमखास डोंगरे बालामृताची आठवण काढत.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. छाप सांगते, औषध कुणाचं आहे. औषधात काय आहे, ते छाप सांगत नाही. त्या ग्राइप वॉटरच्या जुन्या कृतीत साखर, बडीशेपेसारख्या शेपूच्या बियांचं तेल आणि खाण्याचा सोडा होता. शिवाय सुमारे ३.६ टक्के अल्कोहोलही होतं! इंग्लंडमध्ये ते १९९० नंतरच्या काळात काढून टाकलं गेलं. साप आवळणाऱ्या बाळाकडे पाहून हे कुणाला कळणार होतं?

रंगीत पाण्याचे गोळे

दुकान ओळखायलाही खुणा होत्या. लंडनच्या औषधवाल्यांच्या खिडकीत काचेचे मोठमोठे गोळे ठेवलेले असत. त्यांत लाल, हिरवं, निळं पाणी. रात्री मागे दिवा लावला की रस्ताभर रंगीत उजेड पडे. औषध हवं असेल तर त्या उजेडाकडे जायचं. फ्रान्समध्ये आजही हिरवा क्रूस दिसला की समजायचं, औषधाचं दुकान. जर्मनीत तांबडं मोठं 'ए' अक्षर. आणि खल-बत्ता तर जगभर चालतो. आपल्या आजीच्या घरात असतो तोच.

आपल्याकडे जुन्या दवाखान्यात कंपाउंडर नावाचे गृहस्थ असत. घरून रिकामी बाटली न्यायची. कंपाउंडर तिच्यात तांबडं किंवा पिवळं मिक्श्चर भरून देत आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवत. एक दात म्हणजे एक डोस. वाचता येत नसलं तरी चालेल, दात मोजता आले म्हणजे झालं. ही मात्र जाहिरात नव्हती, ही होती सोय. चित्र आणि खूण रोग्याच्या कामालाही येऊ शकते, ते असं.

फुकट घ्या, लावून बघा!

१८९३ साली मुंबईत काशिनाधुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी डोकेदुखीवर एक पिवळं मलम काढलं. अमृतांजन. किंमत दहा आणे. पण नव्या मलमावर दहा आणे कोण घालवणार? नागेश्वररावांनी काय करावं? ते गाण्याच्या मैफिलींना जात आणि तिथं जमलेल्या मंडळींना मलम फुकट वाटत. रात्रभर जागरण, गर्दी. डोकं दुखायला तेवढं पुरे! ज्यांना बरं वाटलं ते दुसऱ्या दिवशी विकत घ्यायला आले. पुढं १९०८ मध्ये याच नागेश्वररावांनी मुंबईत 'आंध्र पत्रिका' हे वर्तमानपत्र सुरू केलं.

अमेरिकेतही हीच तऱ्हा. अटलांटा शहरात १८८६ साली जॉन पेंबरटन नावाच्या औषधवाल्यानं एक सरबत तयार केलं. औषधांच्या दुकानात ते पाच सेंटला पेलाभर मिळायचं. डोकेदुखी जाते, तरतरी येते, अशी त्याची जाहिरात होती. १८८७ पासून लोकांना फुकट पेल्याची कुपनं वाटली गेली. ते सरबत म्हणजे कोका-कोला! औषध म्हणून आलेली बाटली पुढं कुठं जाऊन बसली, ते तुम्ही पाहताच आहात.

गोष्ट लिहा, बक्षीस मिळवा

सगळ्यांत डोकेबाज युक्ती मात्र कलकत्त्याची. तिथं हेमेंद्रमोहन बोस हे कारखानदार 'कुंतलीन' नावाचं केसांचं तेल विकत. १८९६ साली त्यांनी चक्क कथास्पर्धा जाहीर केली. अट एकच. गोष्टीत कुंतलीन तेलाचं नाव यायला हवं, पण ती जाहिरात वाटता कामा नये. बघा जमतंय का!

पहिलं बक्षीस मिळालेल्या गोष्टीत समुद्रात भयंकर वादळ उठतं. जहाज बुडणार, इतक्यात गोष्ट सांगणारा माणूस कुंतलीनची बाटली समुद्रात ओततो. आणि तेलानं लाटा शांत होतात! गोष्टीवर लेखकाचं नाव नव्हतं. तो लेखक कोण, माहीत आहे? वनस्पतींवर जगप्रसिद्ध प्रयोग करणारे शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस! बंगाली भाषेतल्या सुरुवातीच्या विज्ञानकथांमध्ये ही गोष्ट मोजली जाते. केसांच्या तेलानं साहित्याला एक देणगी दिली म्हणायची.

बाजारातलं रिंगण

आता जरा आठवडी बाजारात चला. जिवतीसारख्या डोंगरी भागात आठवडी बाजार म्हणजे दुकान, पोस्ट, बातम्या सगळं एकाच जागी. अशा बाजारांत एका कोपऱ्यात डमरू वाजे. जमिनीवर कापड, कापडावर मुळ्या, शिंपले, तेलाच्या बाटल्या, आणि बाजूला झाकलेली एक टोपली. 'या टोपलीत असा नाग आहे, की पाहिला नसेल! आत्ता सोडतो, आत्ता मुंगसाशी लावतो!' पोरं पुढं, मोठी माणसं मागं, असं रिंगण धरलं जाई.

नाग काही लवकर निघत नसे. मध्येच तेलाचं वर्णन सुरू होई. कंबरदुखी, दातदुखी, खोकला, ताप, सगळ्यावर एकच तेल! गर्दीतला एक जण पुढं येऊन म्हणे, 'मागच्या बाजारात नेलं होतं, गुण आला. आणखी दोन द्या.' हा गडी बहुधा विकणाऱ्याचाच साथीदार. बाटल्या संपल्या की कापड गुंडाळलं. आणि मुंगसाची लढाई? ती पुढच्या बाजारी!

तुम्हाला वाटेल, हे आपल्याकडंच चालतं. छे! अमेरिकेत क्लार्क स्टॅन्ली नावाचा गडी 'सापाचं तेल' विकत असे. १८९३ साली शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनात त्यानं लोकांसमोर जिवंत साप मारून दाखवला, असं सांगतात. १९१६ साली सरकारनं त्याच्यावर कारवाई केली. तेल तपासलं तर त्यात मुख्यतः खनिज तेल, थोडी चरबी आणि लाल मिरची! सापाचा पत्ताच नाही. दंड किती झाला? वीस डॉलर. तेव्हापासून इंग्रजीत फसव्या मालाला 'सापाचं तेल'च म्हणतात.

पण रिंगणातल्या प्रत्येकाला लबाड म्हणू नका हं. वनस्पतींची खरी माहिती असणारी माणसं आपल्या रानावनांत आहेतच. हिरडा, बेहडा, आवळा यांची ओळख त्यांनीच जपली. फरक सोपा आहे. जाणकार माणूस 'हे यावर चालतं, त्यावर चालत नाही' असं सांगतो. 'सगळ्यावर चालतं' असं सांगणारा जाणकार नसतो.

एकशे आठ पट!

आता एक गणित. इंग्लंडमध्ये बीचमच्या गोळ्या फार खपत. 'एका डबीची किंमत एक सोन्याचं नाणं!' अशा अर्थाची त्यांची जाहिरात होती. खरी किंमत साडेतेरा पेन्स. १९०९ साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं अशी गुप्त औषधं तपासून एक पुस्तकच छापलं. गोळीत निघालं काय? कोरफडीचा चीक, सुंठ आणि साबण! डबीभर गोळ्यांच्या मालाचा खर्च एका पेनीचा आठवा भाग. मग साडेतेराला एक अष्टमांशानं भागा. किती आले? १०८. म्हणजे जपमाळेत मणी असतात तितके पट!

मधले पैसे कुठं गेले? काही नफ्यात, आणि बरेचसे जाहिरातीत. थॉमस हॉलोवे या दुसऱ्या गोळीवाल्यानं १८३७ मध्ये धंदा सुरू केला. म्हातारपणी तो वर्षाला सुमारे ५० हजार पौंड जाहिरातींवर उधळत होता. शेवटी त्या पैशांतून त्यानं मुलींसाठी एक भव्य कॉलेज बांधलं. १८८६ मध्ये राणी व्हिक्टोरियानं त्याचं उद्घाटन केलं. कॉलेज उत्तम निघालं, पण ते ज्यांच्या पैशांतून उभं राहिलं ते रोगी त्या गोळ्यांनी बरे झाले होते का, हा प्रश्न उरतोच.

कायदा काय म्हणतो?

असली फसवणूक थांबवायला आपल्या देशानं १९५४ साली खास कायदा केला. औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा हा कायदा. त्यात ५४ रोग-तक्रारींची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, आंधळेपणा वगैरे. यांवर 'हमखास इलाज' अशी जाहिरात करता येत नाही. आणि ऐका, त्या यादीत 'माणसाची उंची'सुद्धा आहे! तेव्हा 'तीन महिन्यांत सहा इंच उंची वाढवा' अशी जाहिरात दिसली, की समजा, ही कायद्याच्या विरुद्ध आहे. वर्गात तुम्ही पहिल्या रांगेत उभे राहत असाल तर राहा, पण बाबांचे पैसे असल्या पुडीत घालू नका.

कायदा झाला म्हणून खेळ संपला नाही. अगदी २०२४ सालीसुद्धा एका मोठ्या आयुर्वेदिक कंपनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजलं, आणि भ्रामक जाहिरातींबद्दल तिला वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली.

घरातल्या गोळ्यांची एखादी पट्टी उलटी करून पाहा. काहींवर तांबडी उभी रेघ असते. ती म्हणजे, 'डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मला घेऊ नका.' अशा औषधांची लोकांत जाहिरात करायला केंद्र सरकारची परवानगी लागते. एके काळी छाप सांगायची, 'मला घ्या'. ही रेघ सांगते, 'थांबा!'

चांगल्या कामाची जाहिरात

मग जाहिरात ही गोष्टच वाईट का? मुळीच नाही. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात भिंतीभिंतींवर एक ओळ रंगवलेली असे, 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा.' तुमच्या आजी-आजोबांना ती अजून पाठ असेल. देवी म्हणजे भयंकर साथीचा रोग. माणसं मरत, वाचली तर चेहऱ्यावर व्रण राहत, कुणाची दृष्टी जाई. रोगी लपला तर साथ पसरणार, कळला तर आसपासच्या सगळ्यांना लस टोचून ती तिथंच कोंडता येणार. म्हणून ही जाहिरात. १९७५ च्या मे महिन्यात भारतातला देवीचा शेवटचा रोगी सापडला. नंतर एकही नाही! औषध विकणाऱ्यांनी शोधलेली भिंतीची युक्ती अशी रोग संपवायला उपयोगी पडली.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातही एक वेगळी पाटी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं 'शोधग्राम' उभारलं. मोठ्या इमारतीच्या दवाखान्याला गोंड लोक बिचकत. आत माणूस एकटा पडतो, घरच्यांना बाहेर ठेवतात, ही त्यांची भीती. म्हणून दवाखाना बांधला तो आदिवासी गावासारखा, झोपड्या-झोपड्यांचा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. नाव दिलं लोकांच्याच देवीचं, 'माँ दंतेश्वरी दवाखाना'. तिथं 'या, हे घर तुमचंच' हे सांगायला भिंतीवर लिहावं लागलं नाही.

आणि काही औषधांना तर छापच नसते. जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं की लहान मूल बघता बघता मलूल होतं. त्यावर काय करायचं? एक लिटर स्वच्छ, उकळून गार केलेलं पाणी. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोटघोट पाजत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच धर्तीचं साखर-मिठाचं पाणी पाजायला लावलं. आधी शंभरांतले तीस रोगी दगावत होते, ते चाराच्याही खाली आले! साखर, मीठ, पाणी. यात कुणाचा फायदा? म्हणून याची जाहिरात तुम्ही-आम्हीच करायची.

तुम्हीच पारखा

आता तुमच्यासाठी काम. या आठवड्यात औषधाच्या पाच जाहिराती जमवा. भिंतीवरच्या, वर्तमानपत्रातल्या, टीव्हीवरच्या, मोबाइलवरच्याही चालतील. प्रत्येकीला हे प्रश्न विचारा:

हे औषध एकाच तक्रारीवर आहे, की सगळ्या रोगांवर?

आत काय आहे, ते लिहिलंय का?

'शंभर टक्के', 'हमखास', 'चमत्कार' असे शब्द आहेत का?

'मला गुण आला' म्हणणारा कोण? त्याला त्याबद्दल पैसे मिळाले असतील का?

'डॉक्टरकडे जायची गरज नाही' असं सुचवलंय का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर ती जाहिरात सरळ बाजूला ठेवा. कारण काही वेळा उशीर परवडत नाही. पावसाळ्यात जिवतीच्या डोंगरात काय आणि तुमच्या शेतात काय, साप निघतातच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मिळते. साप चावला की मुळी नको, मंत्र नको, गंडा नको, चिरणं-चोखणं तर नकोच. चावलेला हात-पाय हलवू न देता माणसाला तडक दवाखान्यात न्यायचं. सर्पदंशावरच्या उपचाराला आडकाठी करून मंत्र-तंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

हे घरी मोठ्यांना वाचून दाखवा. आणि आजोबांना विचारायला विसरू नका, त्यांच्या गावच्या भिंतीवर कोणती छाप होती ते!